१९ नोव्हेंबरचे १८७ चेंडू

विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आठ महिने आधी. १९ मार्च २०२३, विशाखापट्टणम.
भारत २६ षटकांत सर्वबाद ११७. मिचेल स्टार्कचे ५३ धावांत ५ बळी. ऑस्ट्रेलियाने ११ षटकांत एकही गडी न गमावता सामना संपवला. मिचेल मार्श नाबाद ६६, ट्रॅव्हिस हेड नाबाद ५१. तीन दिवसांनी चेन्नईत त्यांनी मालिका २-१ अशी जिंकली. आम्ही या पराभवाची नोंद घेतली नाही. विश्वचषकाला अजून वेळ होता, आणि असा एखादा दिवस कुणावरही येतो असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

पाच महिने आधी. ७ ते ११ जून, ओव्हल, लंडन.
कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. ऑस्ट्रेलिया २०९ धावांनी विजयी. हेड १६३, स्मिथ १२१, दोघांची भागीदारी २८५ धावांची. हेडचे नाव आमच्यासमोर दुसऱ्यांदा आले होते.

दोन महिने आधी. १५ सप्टेंबर, सेंच्युरियन.
दक्षिण आफ्रिकेच्या जेराल्ड कोएत्झीचा उसळता चेंडू हेडच्या डाव्या हातावर बसला आणि हाड मोडले. विश्वचषकाचे निम्मे सामने तो खेळू शकणार नव्हता. ऑस्ट्रेलियाने तरीही त्याला पंधरा जणांत ठेवले. एक जागा महिनाभर अडवून ठेवायची आणि त्या माणसाची वाट पाहायची, असा तो निर्णय होता. त्याच सुमारास अॅश्टन अॅगर जखमी झाला आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन आला. त्यांच्या मूळ यादीत लाबुशेन नव्हता.

या दोन नोंदी मी मुद्दाम लागोपाठ ठेवल्या आहेत. १९ नोव्हेंबरच्या रात्री १९२ धावांची भागीदारी याच दोघांनी केली.

४२ दिवस आधी. ८ ऑक्टोबर, चेन्नई.
दोन्ही संघांचा पहिला सामना. ऑस्ट्रेलिया सर्वबाद १९९. भारत २ धावांत ३ बाद. विराट कोहली १२ वर असताना मार्शने त्याचा झेल सोडला. कोहली ८५, के. एल. राहुल नाबाद ९७, भारत ५२ चेंडू राखून विजयी. तो सुटलेला झेल आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत विसरलो. लक्षात राहिला तो विजय. हेड या सामन्यात नव्हता.

३१ दिवस आधी. १९ ऑक्टोबर, गहुंजे.
आपल्या पुण्याजवळचे मैदान. बांगलादेशविरुद्ध नवव्या षटकात हार्दिक पंड्याने स्वतःच्या गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवू पाहिला आणि घोटा मुरगळला. त्याच्या षटकाचे उरलेले तीन चेंडू कोहलीने टाकले. पंड्या स्पर्धेत परत आला नाही. पुढच्या सामन्यात मोहम्मद शमी आणि सूर्यकुमार यादव संघात आले. शमीने आल्या आल्या न्यूझीलंडचे ५ गडी घेतले, आणि पंड्या नसल्याने काही बिघडत नाही असे वाटू लागले. बिघडले होते ते फलंदाजीच्या रांगेत. सातव्या क्रमांकापर्यंत फलंदाज होते. आठव्या क्रमांकापासून शमी, बुमराह, कुलदीप, सिराज. या चौघांना जबाबदारीने धावा करायची वेळ फारशी आलीच नाही, कारण वरचे फलंदाज पडत नव्हते.

२२ दिवस आधी. २८ ऑक्टोबर, धरमशाला.
हेडचा हात बरा झाला. न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातला त्याचा पहिला सामना: ६७ चेंडूंत १०९.

२१ दिवस आधी. २९ ऑक्टोबर, लखनौ.
भारत ९ बाद २२९. इंग्लंड सर्वबाद १२९. शमी ४ बळी, बुमराह ३. २२९ हा आकडा लक्षात ठेवा. २२९ धावा पुरतात हे आम्ही इथे शिकलो, आणि त्याच शिकवणीने पुढे घात केला.

१२ दिवस आधी. ७ नोव्हेंबर, वानखेडे.
अफगाणिस्तानचे २९१. ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१. ग्लेन मॅक्सवेलचा झेल ३३ वर सुटला. त्यानंतर पायात गोळे येऊन तो धावू शकत नव्हता, तरी एका जागी उभा राहून त्याने १२८ चेंडूंत नाबाद २०१ केल्या. दुसऱ्या टोकाला पॅट कमिन्स होता, ६८ चेंडूंत नाबाद १२. हा संघ ७ बाद ९१ वरही हरत नाही, हे साऱ्या महाराष्ट्राने आपल्याच मैदानावर पाहिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सामना आपला नव्हता ना.

४ दिवस आधी. १५ नोव्हेंबर, पुन्हा वानखेडे.
उपांत्य सामना. भारत ४ बाद ३९७. कोहलीचे ५० वे एकदिवसीय शतक. शमी ५७ धावांत ७ बळी. लागोपाठ दहावा विजय.

३ दिवस आधी. १६ नोव्हेंबर, ईडन गार्डन्स.
दुसरा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिका २१२. ऑस्ट्रेलिया ३ गडी राखून विजयी. हेड ६२ धावा आणि २ बळी, सामनावीर. पहिले दोन सामने हरलेल्या संघाचा हा लागोपाठ आठवा विजय. आमच्याकडे दहा, त्यांच्याकडे आठ. आमचे आम्ही मोजत होतो.

आदला दिवस. शनिवार, १८ नोव्हेंबर, अहमदाबाद.
कमिन्स खेळपट्टीपाशी गेला आणि त्याने मोबाइलवर तिचा फोटो काढला. ही पट्टी १४ ऑक्टोबरच्या भारत-पाकिस्तान सामन्यात वापरलेली होती. त्या दिवशी पाकिस्तान २ बाद १५५ वरून १९१ वर आटोपला होता. काळ्या मातीची, कोरडी, संथ पट्टी. दुपारी चेंडू अडकून येणार आणि रात्री दव पडल्यावर बॅटवर नीट येणार, हे दोन्ही संघांना माहीत होते. पत्रकार परिषदेत कमिन्स म्हणाला की मोठ्या गर्दीला गप्प बसवण्यासारखे समाधान नाही. आमच्याकडे त्या वाक्यावर संताप झाला. नीट ऐकले कुणीच नाही. माणूस आपला बेत सांगत होता.

रविवार, १९ नोव्हेंबर. सकाळी ७.
सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. रविवारी या रस्त्याने स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून धावतात. त्या दिवशी काही गाड्यांच्या काचांमागे तिरंगे दिसत होते. इथे टॉवेलचे आणि चादरीचे कारखाने आहेत, गारमेंटची युनिट आहेत, मागांचा आवाज दिवसरात्र असतो. आमच्या शेडमध्ये तेव्हा अर्धे माग चालू होते. बिहारचे दोघे कामगार छठसाठी गावी गेलेले.

एक गोष्ट इथेच सांगतो. याच एमआयडीसीत १८ मे २०२५ च्या पहाटे एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. तोही रविवार होता. ज्यांनी तो धूर पाहिला त्यांच्यापुढे क्रिकेटच्या पराभवाला अनर्थ म्हणण्याची माझी हिंमत नाही. मी लिहितो आहे ते एका खेळाबद्दल, आणि तो खेळ आमच्यासारख्यांच्या आयुष्यात किती आत शिरलेला आहे त्याबद्दल.

सकाळी ९.
पॅकिंगच्या हॉलमध्ये टीव्ही लावायचा ठरला. मालकांनी एकाच अटीवर परवानगी दिली: दुपारच्या गाडीचा माल आधी निघाला पाहिजे. पॅकिंगच्या मावशींनी त्या दिवशी डझनांचे गठ्ठे ज्या वेगाने बांधले तो वेग मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनाही मॅच बघायची होती.

सकाळी ११.
दिवाळी नुकतीच सरली होती. कुणाच्या घरी हजाराची माळ उरली होती, ती पिशवीतून आली. पोरांनी वर्गणी काढून पेढ्यांची ऑर्डर दिली, रात्री नऊनंतर न्यायची. दुकानदाराने त्या दिवशी जादा पेढे केले होते.

दुपारी १.
माल गेला. हॉलमध्ये तीसेक माणसे. वयाने सर्वांत मोठे आमचे जॉबर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मागाच्या आवाजात चाळीस वर्षे काढल्याने त्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते टीव्हीच्या अगदी जवळ बसतात. २३ मार्च २००३ चा जोहान्सबर्गचा अंतिम सामना त्यांनी पाहिलेला. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९, पाँटिंग नाबाद १४०, भारत १२५ धावांनी पराभूत. हॉलमधली निम्मी पोरे तेव्हा जन्मली नव्हती किंवा पाळण्यात होती.

दुपारी १.३०. नाणेफेक.
कमिन्सने जिंकली. त्याने क्षेत्ररक्षण घेतले. रोहित शर्मा म्हणाला, आम्हाला फलंदाजीच हवी होती. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अंतिम सामन्यात धावफलकावर धावा लावायच्या, समोरच्याने दडपणाखाली मोडायचे, हे आम्हा सर्वांना पाठ होते.

“दव पडतंय बे तिकडं रात्री,” मागून एक पोरगा म्हणाला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही.

दुपारी १.३५.
हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची विमाने स्टेडियमवरून गेली. आत निळ्या टी-शर्टांचा समुद्र. अधिकृत आकडा ९२,४५३ प्रेक्षकांचा.

दुपारी २. पहिला चेंडू.
इथून पुढे घड्याळ षटकांचे.

४.२ षटके. शुभमन गिल ७ चेंडूंत ४, मिडऑनला झॅम्पाच्या हाती झेल. १ बाद ३०. कुणी घाबरले नाही. रोहित होता.

६ वे ते ९ वे षटक. कोहलीने स्टार्कच्या एका षटकात लागोपाठ तीन चौकार मारले. रोहितने हेझलवूडला आणि मॅक्सवेलला षटकार मारले. हॉलमधला आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू जात होता. शेजारच्या युनिटमधली माणसे दारात येऊन उभी राहिली.

९.४ षटके. मॅक्सवेलचे षटक. दुसऱ्या चेंडूवर षटकार, तिसऱ्यावर चौकार. षटकात दहा धावा मिळाल्या होत्या. चौथ्या चेंडूला रोहित पुन्हा पुढे सरसावला आणि चेंडू कव्हरवर उंच उडाला. हेड मागे वळून धावला, धावतच राहिला आणि झेप घेऊन त्याने तो पकडला. रोहित ३१ चेंडूंत ४७. २ बाद ७६.

भारतात या फटक्यावर जितके बोलले गेले तितके दुसऱ्या कशावरही नाही. माझे मत वेगळे आहे. रोहित सगळी स्पर्धा असाच खेळला, आणि त्याच खेळाने मधल्या फळीला सावकाश खेळायची मोकळीक मिळाली. त्याच्या ३१ चेंडूंत भारताच्या डावाचा जीव होता.

१०.२ षटके. श्रेयस अय्यर ४. कमिन्सचा चेंडू, बॅटची कड, मागे यष्टिरक्षक इंग्लिस. आधीच्या दोन सामन्यांत शतके ठोकणारा फलंदाज तीन चेंडूंत परत. ३ बाद ८१.

अण्णांनी चहा सांगितला. घटनाक्रम लिहिताना हा क्षण मी ठळक करतो, कारण इथून पुढचे १८७ चेंडू मला या सामन्याचे खरे ठिकाण वाटतात.

११ वे षटक. कोहली आणि राहुल. चेन्नईत ३ बाद २ वरून वाचवणारी हीच जोडी. हॉलमध्ये हायसे वाटले. आता डाव बांधायचा. एक-एक, दोन-दोन.

१५ वे षटक. एक-एक, दोन-दोन.

त्याआधी, १४ व्या षटकात, एक प्रेक्षक मैदानात घुसून कोहलीपर्यंत पोहोचला, त्याला नेण्यात आले. मैदानावर घडलेली ती त्या तासातली सर्वांत मोठी हालचाल होती.

२० वे षटक. कमिन्सने मार्शकडे चेंडू दिला. मग हेडकडे. दोघेही कामचलाऊ गोलंदाज. मार्शची २ षटके, ५ धावा. हेडची २ षटके, ४ धावा. चार षटकांत ९ धावा देऊन कमिन्सने आपल्या मुख्य गोलंदाजांची चार षटके शेवटासाठी राखली. या चार षटकांत फलंदाज बाद झाला नाही म्हणून आम्ही खूश होतो. मला वाटते, सामना गमावला तो इथे. कामचलाऊ गोलंदाजावर धोका पत्करायचा नाही तर कुणावर?

कुणीतरी म्हणाले, “शेवटच्या दहा षटकांत बघा आता.” हे वाक्य त्या दुपारी मी अनेकदा ऐकले.

२६.२ षटके. राहुलचा चौकार. दहावे षटक संपल्यापासून ९७ चेंडू एकही चौकार नव्हता. हॉलमध्ये शतक झाल्यासारख्या टाळ्या पडल्या. राहुलच्या १०७ चेंडूंच्या डावातला हा एकमेव चौकार ठरला.

२८.३ षटके. कमिन्सचा आखूड टप्प्याचा चेंडू, कोहलीच्या बॅटची आतली कड, चेंडू यष्टींवर. ६३ चेंडूंत ५४. या स्पर्धेतल्या त्याच्या ७६५ धावा इथे थांबल्या. जोडीने १०९ चेंडूंत ६७ धावा केल्या होत्या. ४ बाद १४८.

टीव्हीचा आवाज कमी झाला असे वाटून एक पोरगा रिमोट शोधू लागला. आवाज तेवढाच होता. ९२ हजार माणसे गप्प झाली होती. कमिन्सने आदल्या दिवशी सांगितले होते तसेच.

२८.४ षटके. फलंदाजीला सूर्यकुमार येईल असे आम्ही धरले होते. आला रवींद्र जडेजा. हा लहानसा निर्णय. डाव वाचवायला जडेजा, शेवटी मारायला सूर्या. कागदावर त्यात चूक काढता येत नाही. पण जडेजाने २२ चेंडू घेतले आणि ९ धावा केल्या. ३५.५ षटकांत हेझलवूडच्या चेंडूवर इंग्लिसकडे झेल. ५ बाद १७८.

४१.३ षटके. स्टार्कचा चेंडू उशिरा बाहेर निघाला. राहुल ६६, झेल इंग्लिस. ६ बाद २०३.

१०.३ पासून ४१.३ पर्यंत मोजा. १८७ चेंडू, १२२ धावा, ३ गडी.

४३.४. शमी ६. ४४.५. बुमराह १. गहुंजेला मुरगळलेला तो घोटा एका महिन्यानंतर इथे दिसला. समोर तळाचे फलंदाज असताना सूर्यकुमारला मारता येत नव्हते आणि एकेरी धावही घेता येत नव्हती. ४७.३. हेझलवूडचा हळू टाकलेला उसळता चेंडू, सूर्यकुमार २८ चेंडूंत १८, इंग्लिसचा पाचवा झेल.

५० षटके. शेवटच्या चेंडूवर कुलदीप धावबाद. सर्वबाद २४०. पहिल्या दहा षटकांनंतरच्या चाळीस षटकांत चौकार ४, षटकार एकही नाही.

मध्यंतर.
संध्याकाळ झाली होती. मैदानात करमणुकीचे कार्यक्रम सुरू झाले. शेडमध्ये दुसऱ्या पाळीचे माग चालू झाले. हॉलमध्ये हिशेब चालला होता. लखनौला २२९ पुरले, इथे ११ जास्त आहेत. १९८३ ला १८३ पुरले होते. शमीचे २३ बळी झालेत. पट्टी संथ आहे, कुलदीप आहे, जडेजा आहे. प्रत्येक मुद्दा खरा होता. लखनौच्या रात्री काय होते आणि अहमदाबादच्या रात्री काय असेल, हा प्रश्न मात्र कुणी काढला नाही. दुपारी दवाचे बोललेला पोरगा आता गप्प होता.

रात्र. पहिले षटक.
बुमराहचा पहिलाच चेंडू. वॉर्नरच्या बॅटची कड, पहिल्या आणि दुसऱ्या स्लिपच्या मधून चेंडू चौकार. कोहली आणि गिल दोघेही जागेवर उभे. झेल कुणाचा, हे ठरेपर्यंत चेंडू गेला होता. षटकात १५ धावा गेल्या.

अण्णा म्हणाले, “झहीरचंही पंधराच होतं.” २००३ च्या अंतिम सामन्यात श्रीरामपूरच्या झहीर खानच्या पहिल्या षटकात पंधरा धावा गेल्या होत्या. पोरांना ते माहीत नव्हते.

१.१ षटके. नवा चेंडू सगळी स्पर्धा बुमराह आणि सिराज घेत आले होते. आज सिराजऐवजी शमी. पहिल्याच वैध चेंडूवर वॉर्नर ७, झेल कोहली. १ बाद १६. निर्णय फळला असे वाटले. पण सिराजला आता मऊ झालेल्या चेंडूने गोलंदाजी करावी लागणार होती, त्याची ती सवय मोडली होती.

४.३. मार्श १५, बुमराह, झेल राहुल. २ बाद ४१.

६.६. स्टीव्ह स्मिथ ४, बुमराह, पायचीत. ३ बाद ४७. स्मिथने दाद मागितली नाही. नंतर पडद्यावर दिसले की चेंडू पॅडला लागला तो ऑफ यष्टीच्या रेषेबाहेर. दाद मागितली असती तर तो वाचला असता. हॉलमध्ये माळ बाहेर काढली गेली. काडी लावू नका असे अण्णांनी सांगितले म्हणून ती तशीच राहिली.

मला विचाराल तर त्या रात्री भारत सामना जिंकू शकत होता अशी शेवटची वेळ म्हणजे सातवे षटक संपल्यानंतरची दोन-तीन मिनिटे.

१० वे षटक. ३ बाद ६०. हेड आणि लाबुशेन.

१५ वे षटक. लाबुशेन फक्त थांबला होता. पूर्ण डावात ११० चेंडू खेळून तो ५८ वर नाबाद राहिला. संथ खेळ तोच, जो दुपारी भारताने केला. फरक दुसऱ्या टोकाला होता. तिथे हेड होता आणि तो थांबत नव्हता. दुपारी आमच्या दोन्ही टोकांना लाबुशेनच होते.

१७ वे षटक. सिराज आला. चेंडू ओला. रुमालाने पुसणे सुरू झाले. कुलदीपचा चेंडू दुपारी झॅम्पाचा वळला तेवढा वळेना.

२५ वे षटक. चहावाला कप न्यायला आला आणि धावफलक पाहून न विचारताच निघून गेला. मावशी उठू लागल्या. घरी स्वयंपाक व्हायचा होता. एकजण म्हणाला, “बसा की मावशी, तुम्ही उठला की चौकार जातोय.” त्या बसल्या. चौकार जातच राहिले.

३४ वे षटक. हेडचे शतक, ९५ चेंडूंत. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धावांचा पाठलाग करताना शतक करणारा त्याच्याआधी अरविंद डिसिल्वा, १९९६ ला लाहोरात, तोही ऑस्ट्रेलियाविरुद्ध. मोबाइलवर हा सामना एका वेळी ५ कोटी ९० लाख लोक पाहत होते, असा विक्रमी आकडा नंतर आला. आमच्या हॉलमध्ये तेव्हा निम्मी माणसे उरली होती.

४० वे षटक. पेढेवाल्याचा फोन आला. कुणी उचलला नाही.

४२.५ षटके. जिंकायला २ धावा. सिराजच्या चेंडूवर हेडचा झेल गिलने पकडला. १२० चेंडूंत १३७, १५ चौकार, ४ षटकार. ४ बाद २३९. भारतीय खेळाडूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. झेल टिपल्यावर हॉलमध्ये कुणी ओरडले नाही.

४२.६ षटके. मॅक्सवेलच्या दोन धावा. ऑस्ट्रेलिया ४ बाद २४१. सहा गडी आणि ४२ चेंडू राखून सहावा विश्वचषक.

सिराज रडत होता. रोहित डोळे खाली घालून पायऱ्यांकडे चालला होता. एका पोराने टीव्ही बंद केला. अण्णांनी तो पुन्हा लावायला सांगितला आणि बक्षीस समारंभ संपेपर्यंत बसून राहिले. कोहलीला मालिकावीराचा चषक मिळताना त्यांनी पाहिले.

पेढे दुसऱ्या दिवशी आणले गेले, पैसे दिलेले होते. पॅकिंगला, वाईंडिंगला, दाराशी वॉचमनला वाटले. माळ तशीच राहिली.

डिसेंबरमध्ये आयसीसीने अंतिम सामन्याच्या खेळपट्टीला ‘सरासरी’ असा शेरा दिला. पट्टी वाईट होती म्हणून हरलो असे अजूनही सांगितले जाते. पट्टी दोघांना एकच होती, आणि तशी पट्टी आपल्याच मैदानावर होती. रोहितने सामन्यानंतर सांगितले की कोहली-राहुल खेळत असताना २७०-२८० चा अंदाज होता आणि अखेर वीस-तीस धावा कमी पडल्या. मला ते पटते. त्या धावा शेवटच्या दहा षटकांत कमी पडल्या नाहीत. त्या मार्शच्या आणि हेडच्या चार षटकांत पडून होत्या, न मारलेल्या ९७ चेंडूंत पडून होत्या. गडी राखण्याच्या भीतीने आम्ही त्या उचलल्या नाहीत. आणि मी ‘आम्ही’ म्हणतो, कारण हॉलमध्ये प्रत्येक निर्धाव चेंडूला “बरं झालं, आऊट नाही झाला” असे आम्हीच म्हणत होतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ९.४ च्या त्या एका फटक्यावर बोट ठेवले, तर त्याला धावफलक उघडून १०.३ ते ४१.३ वाचायला सांगा.